लायसन्स हरवलं तर आधी तारीख नोंदवा

पाकीट हरवलं की माणूस सर्वांत आधी बँकेला फोन करून एटीएम कार्ड बंद करतो. मग आत पैसे किती होते याची उजळणी होते, घरच्यांची बोलणी खाऊन होतात, आधारची झेरॉक्स कपाटात आहे हे आठवून जरा हायसं वाटतं. लायसन्सची आठवण होते ती आठवड्याभराने, चौकात पांढऱ्या शर्टातला वाहतूक हवालदार हात दाखवून गाडी बाजूला घ्यायला सांगतो तेव्हा. आणि तेव्हाही काळजी एकच असते, आता दंड किती?

दंडाची काळजी फारशी करू नका, असं मी सांगेन. काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टीची: ते कार्ड आता कुणाच्या हातात आहे आणि त्याचं तो काय करू शकतो.

आधी दंडाचं मिटवून टाकू. लायसन्स म्हणजे ते प्लास्टिकचं कार्ड नव्हे. गाडी चालवण्याचा परवाना आरटीओच्या नोंदीत असतो, कार्ड हा त्या नोंदीचा पुरावा. सातबाऱ्याचा कागद उंदराने कुरतडला म्हणून शेत हातचं जात नाही, तसंच हे. कायद्यातही दोन गुन्हे वेगळे आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३ प्रमाणे वैध लायसन्स नसताना गाडी चालवली तर कलम १८१ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड ५००० रुपये आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. लायसन्स आहे, पण मागितल्यावर दाखवता आलं नाही, हा कलम १३० चा मामला. तिथे कलम १७७ चा सर्वसाधारण दंड लागतो, पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत. हा फरक माहीत असलेला माणूस रस्त्यावर घाबरत नाही आणि घाबरून चिरीमिरीही काढत नाही.

शिवाय मोबाइल हातात असेल तर तेवढाही दंड होऊ नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये २०१८ साली बदल झाला, तेव्हापासून कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधलं लायसन्स मूळ कार्डाच्या बरोबरीचं धरलं जातं. इथे एक गल्लत सर्रास होते. गॅलरीत ठेवलेला कार्डाचा फोटो किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला स्कॅन म्हणजे डिजिटल लायसन्स नव्हे. ॲपमध्ये क्रमांक टाकून सरकारी नोंदीतून जे उतरतं तेच चालतं. कारण त्याची खातरजमा पोलिसाला करता येते, फोटोची येत नाही.

डिजिलॉकरमध्ये लायसन्स उतरवताना बऱ्याच जणांची गाडी नावावर अडते. आधारवर पूर्ण नाव, लायसन्सवर नुसती आद्याक्षरं. किंवा लग्नाआधीचं आडनाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे. नाव जुळलं नाही की ॲप लायसन्स देत नाही. म्हणून हा उद्योग कार्ड जागेवर असतानाच करून ठेवावा. हे वाचताना तुमचं कार्ड खिशात असेल तर लेख जरा बाजूला ठेवून केलात तरी चालेल.

आता हरवलंच आहे असं धरू. पहिलं काम पोलिसांकडे नोंद. यावर हमखास येणारा आक्षेप असा की पोलीस थोडेच शोधून देणार आहेत! नाहीच देणार. नोंद शोधण्यासाठी करायचीच नसते, ती तारखेसाठी करायची असते. अमुक तारखेपासून हे कार्ड माझ्या ताब्यात नाही, एवढं सरकारदरबारी लिहिलं जायला हवं. उद्या त्या कार्डावर कुणी भाड्याने गाडी घेतली, लॉजवर खोली घेतली, सिम काढलं किंवा कर्जाचा अर्ज केला, आणि चौकशी तुमच्या दारात आली, तर हातात तो एक कागद असतो. आठवड्याने केलेल्या नोंदीला तेवढं वजन राहत नाही, कारण मधल्या सात दिवसांचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

पोलीस ठाण्यात गेलंच पाहिजे असंही नाही. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांच्या पोलिसांच्या संकेतस्थळांवर हरवलेल्या वस्तूंची नोंद करायची सोय आहे. नाव, मोबाइल, वस्तू, ठिकाण, वेळ भरली की क्रमांकासह कागद मिळतो. गावाकडे ठाण्यात साधा अर्ज देऊन पोच घ्यावी. नेमकं कुठे पडलं हे सांगता येत नाही, अशीच बहुतेकांची स्थिती असते. स्वारगेटला एसटीत बसताना होतं, साताऱ्यात उतरल्यावर नव्हतं. तसंच लिहा. अंदाजाने एखादं ठिकाण ठोकून देऊ नका. अर्जात लायसन्सचा क्रमांक जरूर घाला आणि पाकिटात आणखी काय होतं तेही लिहा. रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी बॅजही गेला असेल तर त्याचा वेगळा उल्लेख करावा, बॅजची दुसरी प्रत वेगळी काढावी लागते.

पाकीट मारलं असेल तर ‘हरवलं’ असं लिहू नका, ठाण्यात कुणी तसं सुचवलं तरीही. चोरी ही चोरी म्हणूनच लिहिली गेली पाहिजे. हद्द आमची नाही हे उत्तरही ऐकून घ्यायचं कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, मग ती योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. मुद्देमाल ५००० रुपयांहून कमी असेल तर प्रकरण अदखलपात्र म्हणून नोंदलं जाण्याची शक्यता असते. तरी हरकत नाही, अदखलपात्र नोंदीची प्रत घ्या. तारीख त्यावरही असते.

आणि एक, जे सांगावंसं वाटत नाही पण सांगायला हवं. पोलिसांनी किंवा आरटीओने जप्त केलेलं लायसन्स हरवलेलं नसतं. कार्ड तिकडे अडकलंय, तर हरवलं म्हणून दुसरं काढून टाकू, असा सल्ला देणारे महाभाग आरटीओच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटतात. तो सल्ला ऐकलात तर खोटी माहिती दिल्याचं प्रकरण मागे लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ खाली लायसन्स जप्त झालं तर तात्पुरती पावती मिळते आणि त्या पावतीवर ठरलेल्या मुदतीपर्यंत गाडी चालवता येते. ती पावती मागून घ्या.

कार्ड परक्या हातात पडलं की काय होऊ शकतं, हे पाहायला आपलंच लायसन्स एकदा अनोळखी माणसाच्या नजरेने वाचून बघावं. फोटो, पूर्ण नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, रक्तगट, सही. नव्या कार्डांवर तातडीच्या संपर्काचा क्रमांकही असतो. एटीएम कार्डावर यातलं नावाखेरीज फारसं काही नसतं. एटीएम कार्ड एका फोनवर बंद होतं, जन्मतारीख बंद करता येत नाही. क्रमांकाची सुरुवात ‘एमएच १२’ असेल तर लायसन्स पुण्याचं, ‘एमएच ०९’ असेल तर कोल्हापूरचं, पुढचे चार आकडे ते निघाल्याच्या वर्षाचे. तेवढ्यावरून फोनवर ‘साहेब, तुमचं २०११ चं कोल्हापूरचं लायसन्स ना?’ असं म्हणणारा आवाज केवढा खरा वाटतो!

रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत ओळखीची जी मोजकी अधिकृत कागदपत्रं आहेत, त्यात पासपोर्ट, आधार, मतदार ओळखपत्र यांच्या पंगतीत ड्रायव्हिंग लायसन्सही बसतं. मोठ्या बँकेत नुसत्या लायसन्सवर खातं उघडणं आता सोपं नाही. पॅन, ओटीपी, समोरासमोर पडताळणी असे अडथळे असतात. पण सगळीकडे तेवढी छाननी होत नाही. भाड्याची गाडी, लॉजची खोली, छोटं डिजिटल कर्ज, सिमकार्ड, या वाटा जास्त मोकळ्या. म्हणून दोन तपासण्या कराव्यात. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत ते दिसतं, आणि ओळखीचा नसलेला क्रमांक ‘हा माझा नाही’ म्हणून कळवता येतो. दुसरी तपासणी पतअहवालाची. सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पिरियन, सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही एकाच दिवशी मागवण्यापेक्षा तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेक मागवला तर वर्षभर लक्ष राहतं. अहवालात न मागितलेल्या कर्जाची चौकशी दिसली तर त्याच दिवशी त्या कंपनीला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवा, सोबत पोलिसांकडच्या नोंदीची प्रत जोडा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, तोही तासाभराच्या आत झाला तर उत्तम.

परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर वाहनाच्या क्रमांकाप्रमाणेच लायसन्सच्या क्रमांकावरूनही चलान शोधता येतं. आपल्या लायसन्सवर दुसऱ्याच गाडीचं चलान फाटलेलं नाही ना, हे अधूनमधून पाहावं. मात्र ते स्वतः संकेतस्थळावर जाऊन. ‘तुमचं चलान आलं आहे, हे ॲप डाउनलोड करा’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर येतो आणि सोबत एपीके फाइल असते, ती उघडली की फोनच चोराच्या ताब्यात जातो. आरटीओ व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवत नाही.

आता दुसरी प्रत. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर राज्य निवडलं की ‘डुप्लिकेट डीएल’ची सेवा दिसते. इंटरनेटवर शोधल्यावर पहिल्या ओळीत येणारी जाहिरात सारथीची असेलच असं नाही. सरकारी पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो, तेवढं पाहूनच पुढे जा. लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की नोंद समोर येते. इथे घाई करू नये, कारण बहुतेक घोटाळे याच पानावर होतात.

पहिलं, पत्ता. नवीन कार्ड टपालाने येतं आणि नोंदीतल्या पत्त्यावर येतं. दहा वर्षांपूर्वी लायसन्स काढताना कोथरूडच्या भाड्याच्या घरात होतात, आता मोशीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आहात, तर कार्ड कोथरूडला जाणार. जुने घरमालक चांगले असले तर फोन करतील, नाहीतर पाकीट परत फिरेल आणि ते शोधायला हेलपाटे घालावे लागतील. म्हणजे एक हरवलेलं कार्ड सापडायच्या आत दुसरं हरवणार. पत्ता बदलला असेल तर त्याच अर्जात पत्ताबदलाची सेवाही निवडा. मोबाइल क्रमांक जुना असेल तर तो आधी बदला, ओटीपी त्याच्यावरच येतो.

दुसरं, मुदत. दुसऱ्या प्रतीवर नवी मुदत मिळत नाही, मूळ तारीखच छापून येते. आणि नूतनीकरण मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. तेव्हा लायसन्स पुढच्या आठ-दहा महिन्यांत संपणार असेल तर नुसत्या डुप्लिकेटवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, नूतनीकरणही सोबतच उरकावं. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचा नमुना १-अ मधला दाखला लागेल. कार्ड हरवल्यावरच कित्येकांना कळतं की मुदत कधीच उलटून गेली आहे. एक वर्षाच्या आत असाल तर चाचणीविना नूतनीकरण होतं, वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. अशा लायसन्सवर मधल्या काळात गाडी चालवणं म्हणजे मात्र खरोखरच कलम १८१. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला तेवढं निमित्त पुरतं.

पुढचं सरळ आहे. दुसरी प्रत ही केंद्राने ३ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने संपर्कविरहित केलेल्या अठरा सेवांपैकी एक. आधारने ओळख पटवली की साधारणपणे आरटीओत जावं लागत नाही. आधारचा मार्ग नको असेल तर कागदपत्रं अपलोड करून कार्यालयात दाखवावी लागतात. पोलिसांकडच्या नोंदीचा क्रमांक आणि तारीख हाताशी ठेवा. शुल्क पडद्यावर दिसतं तेवढंच असतं, काही शे रुपयांचा मामला. त्यासाठी एजंटाला दीड-दोन हजार मोजणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, ज्याचा मोबाइलशी छत्तीसचा आकडा आहे त्याने काय करावं? पण आपला ओटीपी एजंटाला देऊ नये आणि कोऱ्या फॉर्मवर सही करू नये, एवढं तरी पाळावं. पावतीवरचा अर्ज क्रमांक लिहून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्याच्यावर होते. कार्ड येईपर्यंत कंपनीला किंवा विमावाल्यांना काही दाखवायचं असेल तर सारथीवरूनच लायसन्सचा उतारा मागता येतो.

कार्ड हरवलेलं नसून नुसतं तुटलं किंवा पुसट झालं असेल तर पोलिसांची गरज नाही, जुनं कार्ड दाखवून काम होतं. शिकाऊ लायसन्स हरवलं तर काळजीच नको, पोर्टलवरून पुन्हा छापून घ्या.

खरी अडचण येते ती जुन्या पुस्तकवाल्यांची. निळसर-करड्या पुठ्ठ्याच्या त्या पुस्तकातली नोंद कित्येकांची संगणकावर चढलेलीच नाही. क्रमांक टाकला तर पोर्टल ‘माहिती उपलब्ध नाही’ म्हणतं आणि माणसाला वाटतं लायसन्सच रद्द झालं. तसं नसतं. ज्या आरटीओने ते दिलं, तिथल्या जुन्या नोंदीतून ते संगणकावर घ्यावं लागतं, त्याला तिथे ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात. त्यासाठी क्रमांक आणि निघाल्याची तारीख हवी. पुस्तकच हरवल्यावर ती आणायची कुठून? जुन्या विम्याच्या दाव्याची फाइल, नोकरीला लागताना दिलेल्या झेरॉक्स, ड्रायव्हिंग स्कूलची वही, जुनं चलान, कुठेतरी क्रमांक निघतो. घरात वडीलधाऱ्यांकडे असं पुस्तक असेल तर ते हरवायच्या आत त्याची नोंद संगणकावर घेऊन टाका. पंचाहत्तरीतले काका आता गाडी चालवत नसतील तर तो प्रश्नच नाही, पण चालवत असतील तर त्यांच्या मुदतीकडेही नजर टाका. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथे काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची स्कूटर घेताना कित्येक जण मूळ लायसन्सच अनामत म्हणून देऊन येतात. म्हणजे गाडी चालवताना लायसन्स जवळ नाही, आणि ते ज्याच्या ड्रॉवरमध्ये पडलंय त्याचं नावही आपल्याला माहीत नाही. परतीच्या गडबडीत ते तिथेच राहतं आणि कणकवली मागे पडल्यावर आठवतं. अनामत रोख द्या, ओळखीसाठी प्रत द्या. प्रतीवर ‘फक्त स्कूटर भाड्यासाठी’ असं तारखेसह आडवं लिहा. मूळ कार्ड सोडू नका.

दुसऱ्याचं लायसन्स तुम्हाला सापडलं तर? चांगल्या मनाने केलेला सर्वांत वाईट उपाय म्हणजे त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं आणि ‘पुढे पाठवा’ म्हणणं. ज्याचं कार्ड फक्त तुमच्या हाती होतं, त्याची जन्मतारीख, पत्ता आणि सही आता पाचशे फोनांत पोचली, आणि कार्ड परत मिळालं तरी ती तिथून निघणार नाही. टाकायचंच असेल तर नाव आणि कुठल्या भागात सापडलं एवढंच लिहा. मागणारा आला तर वडिलांचं नाव किंवा जन्मतारीख त्याला सांगायला लावा, तुम्ही सांगू नका. कार्डावर पत्ता असतोच, जवळपास असेल तर नेऊन द्या, लांब असेल तर पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. नको ती यातायात असं वाटलं तर जवळच्या पोलीस चौकीत देऊन पोच घ्या. एसटीत सापडलं तर वाहकाकडे किंवा आगारात, रेल्वेत सापडलं तर रेल्वे पोलिसांकडे द्या. सापडलेली वस्तू नुसती जवळ ठेवणं हा गुन्हा नाही. मालक कळत असताना ती आपलीशी करणं हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ प्रमाणे अपहार ठरतो.

आणि ‘तुमचं लायसन्स सापडलंय’ असा फोन तुम्हालाच आला तर? बहुतेक वेळा फोन करणारा भला माणूस असतो. तरी भेट चौकीत किंवा गर्दीच्या दुकानात ठरवा. ‘कुरिअरचे आधी दोनशे पाठवा’ किंवा ‘ओटीपी आला असेल तो सांगा’ म्हणाला की फोन ठेवा. बक्षीस द्यायचं की नाही ते कार्ड हातात आल्यावर ठरवा.

राहता राहिला एक प्रकार, आणि तो वाटतो त्याहून जास्त वेळा घडतो. दुसरी प्रत घरी येते आणि महिन्याभराने मूळ कार्ड जुन्या पँटच्या खिशात, धुतलेल्या अवस्थेत सापडतं. एक गाडीत आणि एक घरात, असं करायचा मोह होतो. करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६ प्रमाणे एका माणसाला एकच लायसन्स ठेवता येतं, आणि हरवल्याचं तुम्ही लिहून दिलेलं असतं. मूळ कार्ड साध्या अर्जासोबत आरटीओत जमा करून पोच घ्या आणि ज्या ठाण्यात नोंद केली होती तिथेही कळवा. तोपर्यंत गाडी चालवताना नव्या कार्डाचाच वापर करा.